कुलपातलं सापांचं पुस्तक

संपादकांनी ग्रंथपालाच्या नोकरीतल्या गोड आठवणी मागितल्या. मी हो म्हणालो, घरी येऊन कागद घेऊन बसलो, तर गोड असं काही आठवेचना. आठवला तो हेवा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, ज्या बाईंचा हेवा केला त्या आता या जगात नाहीत, पण माझा हेवा अजून धडधाकट आहे. तेव्हा त्याच्याविषयीच लिहितो.

मी एरंडोलला एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. काळ ऐंशी-नव्वदच्या दशकांतला. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं वाचणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. माझे सासरे शेवटपर्यंत तसंच समजत होते. प्रत्यक्षात हलवाई जितकी मिठाई खातो तितकंच ग्रंथपाल वाचतो. पार्सल आलं की सुतळी सोडायची, पुस्तकं बिलाशी पडताळायची, दाखल-नोंद करायची, विषय ठरवून वर्गांक घालायचा, पाठीवर चिठ्ठी, आत खिसा, खिशात कार्ड, वरून खाकी कव्हर. मग शिक्के. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या आणि एक गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं असं एक ठरलेलं पान असतं. कुणी पुढची-मागची पानं फाडून पुस्तक आपलंच आहे म्हणू लागला, तर ते पान उघडून दाखवायचं. आमचं गुप्त पान कोणतं होतं, ते मी अजूनही सांगणार नाही.

वाचकांच्या लेखी पुस्तकांच्या दोनच जाती असतात, गोष्टीचं पुस्तक आणि माहितीचं पुस्तक. गोष्टीच्या पुस्तकांसाठी मला कधी तोंड उघडावं लागलं नाही. नवी कादंबरी सकाळी आली की दुपारी जायची. माझा जीव मात्र माहितीच्या पुस्तकांत. विहिरीला पाणी जमिनीखालून कुठून येतं, डॉक्टर शस्त्रक्रिया करताना काय विचार करतो, कापसावरची अळी दिवसा कुठे दडते, कुणी एकट्याने सायकलवर कुठवर जाऊन आला, असली पुस्तकं. ती निवडायला मी स्वतः एस.टी.ने जळगावला जायचो. दुकानदार मला गल्ल्यामागे स्टूल द्यायचा आणि मी तिथे बसून पानं चाळायचो. कोणतं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं हे तिथेच मनात ठरत जायचं. हे हायस्कूलच्या सरांना, हे दवाखान्यातल्या सिस्टरना, हे नानांना. या नोकरीतलं खरं सुख म्हणाल तर तेवढंच होतं.

पण ते सुख नेमकं एका कपाटात अडकलं होतं. कपाट सागवानी, पुढे काचा, वर नक्षी आणि नक्षीखाली पितळी पाटी. पाटीवर आमच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव. अध्यक्षांना सगळं गाव आबा म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यांनीच नवे पत्रे घालून दिले होते. पण वडिलांच्या स्मरणार्थ कपाट देताना त्यांनी सोबत एक प्रथाही दिली. माहितीची नवी पुस्तकं आली की आधी या कपाटात लावायची. मग गुढीपाडव्याला आबा येणार, कपाटाला हार घालणार, स्वतःच्या हाताने कुलूप उघडणार, पेढे वाटणार आणि त्यानंतर ती पुस्तकं वाचकांना मिळणार. पाडवा उलटल्यावर पार्सल आलं तर पुढच्या पाडव्यापर्यंत सगळं काचेआड. किल्ली आबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. कादंबऱ्यांना हा नियम नव्हता. कादंबऱ्या अडवल्या असत्या तर निम्मे सभासद दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन आले असते.

मी एकदा धीर करून आबांना म्हटलं, नवं पुस्तक नवं असतानाच लोकांच्या हातात पडावं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, माहिती ती. ती काय शिळी होते का?" बाहेरगावचे पाहुणे आले की आबा त्यांना मुद्दाम वाचनालयात आणत आणि कपाटासमोर उभं करत. पाहुणे पुस्तकांच्या पाठी वाचत आणि वा वा म्हणत. आमच्या नेहमीच्या वाचकांना तर त्या पाठी ओळीने पाठ झाल्या होत्या. जवळच्या एका खेड्यातले नाना बाजारच्या दिवशी यायचे, धोतराच्या सोग्याने काच पुसायचे आणि एकेका नावावर बोट ठेवायचे. मुळात हुशार माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, घरची कपाशी करणारा. विहिरींच्या पुस्तकावर त्यांचा डोळा होता. ते मला विचारायचे, "भाऊ, दिसस ते बेस. पन हातमा कव्हय येई?" मी म्हणायचो, पाडव्याला. नाना मान हलवून वर्तमानपत्र वाचायला बसायचे.

अशात इंदूअक्का गावात आल्या. धुळ्याकडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, काठीसारख्या ताठ. बसस्टँडजवळ तेलाच्या घाण्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि बायकांसाठी वाचनालय सुरू केलं. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेलो, नारळ फुटलेला पाहिला, लाकडाच्या चार फळ्या पाहिल्या आणि खुशीत परत आलो. वर्गांक नाही, कार्ड नाही, कव्हर नाही. वाटलं, वर्षभरात गाशा गुंडाळतील.

वर्षभरात त्यांना फळ्या वाढवाव्या लागल्या. त्यांची पद्धत ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पार्सल आलं की ते जमलेल्या बायकांसमोरच फोडायचं. जिच्या हाताला जे लागेल ते तिने न्यायचं. शिक्का पुस्तक परत आल्यावर मारायचा. त्यांचं गुप्त पान वगैरे काही नव्हतं. आणि एक अट होती, ती फक्त माहितीच्या पुस्तकांना. पुस्तक परत आणणारीने ते अक्कांच्या हातात द्यायचं नाही. पुढे जिला हवं असेल तिच्या समोर सतरंजीवर बसायचं, त्या पुस्तकातली एक गोष्ट तिला सांगायची आणि मगच पुस्तक तिच्या हातात द्यायचं. सांगता आलं नाही तर पुस्तक पुन्हा घरी न्यायचं आणि पुन्हा वाचायचं.

मी हे ऐकून हसलो होतो. पण आठवड्याच्या बाजारात भाजी घेताना दोन बाया सांधेदुखीवरच्या पुस्तकातलं एकमेकींना सांगताना ऐकल्या आणि माझं हसू गेलं. त्यातली एकही माझ्या वाचनालयाची पायरी चढली नव्हती. आपल्या बायकोकडे कुणी टक लावून पाहिलं तर जसं होतं तसं मला त्या पुस्तकाच्या बाबतीत झालं. कारण ते पुस्तक माझ्याही कपाटात होतं, कुलपात, कोरं करकरीत.

आणि खरा घाव तर पुढेच बसला. जळगावच्या दुकानदाराकडे गेलो होतो. स्टुलावर बसून पानं चाळत होतो, तेव्हा तो सहज बोलून गेला की तुमच्या एरंडोलच्या बाई येतात, त्या काही चाळत नाहीत, फक्त विचारतात, आमच्या भाऊंनी काय नेलं? आणि तेच बांधून द्या म्हणतात. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. निवड माझी, एस.टी.चे धक्के माझे, स्टुलावर अवघडलेली पाठ माझी, आणि वाचक त्यांचे! परतीच्या प्रवासात मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि वाटेतलं पाळधी गाव गेलं कधी ते मला कळलंही नाही.

त्याच सुमाराला एका बाजारच्या दिवशी नाना आले आणि काच न पुसताच वर्तमानपत्राकडे वळले. मी म्हटलं, नाना, पाडवा आता लांब नाही, विहिरींचं पुस्तक पहिलं तुम्हालाच देतो. नाना जरा ओशाळले. म्हणाले, "मनं ते वाची व्हयनं, भाऊ. सूननी लयनं अक्कान्या लायबरीमाईन." सुनेने आणलेलं पुस्तक सासऱ्याने वाचलं होतं. वर त्यांनी मला विहिरीचे झरे वरच्या बाजूला का आटतात ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. सुनेला परत देताना सांगता यावं म्हणून घरात सगळ्यांनी मिळून ते पुस्तक घोकलं होतं. मी हं हं करत ऐकलं. माझा सगळ्यात चांगला वाचक माझ्यासमोर बसला होता आणि तो आता माझा राहिला नव्हता.

हे सगळं मी घरी बायकोला सांगायचो. शैला माझी बायको, धुळ्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, वाचनाची आवड असलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती माझ्याकडे माहितीची पुस्तकं मागायची. मी पाडव्याचं सांगायचो. पुढे तिने मागणं सोडलं. मला वाटलं, आवड गेली असेल, संसारात असं होतं. अक्कांविषयी मी बोलायला लागलो की ती भाकरी थापत नुसती ऐकत राहायची, आणि मला वाटायचं की चला, निदान घरात तरी आपल्या बाजूचं कुणीतरी आहे.

आता सापाचं सांगतो. त्या वर्षी दिवाळीआधी वाचनालयाची रंगसफेदी काढली होती. त्यासाठी काचेचं कपाट भिंतीपासून पुढे ओढायचं होतं. आमचा शिपाई रघुनाथ, मी आणि वाचायला बसलेले दोघं-तिघं, त्यांत नानाही, असं मिळून आम्ही पहारीने कपाट सरकवलं. ते जेमतेम हातभर पुढे आलं आणि रघुनाथ पहार टाकून मागे पळाला. भिंतीच्या कोपऱ्यात, धुळीच्या जाळ्यात, वेटोळं घालून साप बसला होता. अंगावर पांढरे पट्टे होते.

नाना वाकून बघत म्हणाले, "मन्यार शे. पट्टा दखा." मण्यार म्हटल्यावर खोली निम्मी रिकामी झाली. आमच्याकडे नागापेक्षा मण्यारीला लोक जास्त भितात, तिचा दंश झालेला कळतसुद्धा नाही म्हणून. उरलेल्यांनी मारा, मारा चालवलं. नानांनी छत्री उचलली. सर्पमित्र हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचायचा होता.

मी नानांचा हात धरला. कारण मला एक गोष्ट अर्धवट आठवत होती. पाडव्यानंतरच्या पार्सलमध्ये मी सापांविषयीचं एक पुस्तक आणलं होतं, रंगीत चित्रांचं. दुकानात चाळताना त्यात वाचलं होतं की कवड्या नावाचा एक बिनविषारी साप घरात भिंतीच्या फटीत राहतो आणि मण्यार समजून लोक त्याला मारतात. फरक ओळखायचा तो पट्ट्यांवरून. एकाचे पट्टे मानेकडे ठळक असतात, दुसऱ्याचे शेपटीकडे. पण कुणाचे कुठे? ते काही केल्या आठवेना. उलट आठवलं असतं तर मण्यारीला कवड्या समजून कुणीतरी हात घातला असता. अर्धवट चाळलेल्या पुस्तकाचा असा घोळ असतो.

आणि ते पुस्तक कुठे होतं? त्याच कपाटात, पहिल्या फळीवर, सापापासून दोन हातांवर. काचेतून त्याच्या पाठीवरचं नाव लखलखीत दिसत होतं. सगळे जण लांबूनच ते नाव वाचत होते. किल्ली आबांच्या कोटात होती आणि आबा कोट घालून सकाळच्याच गाडीने धुळ्याला लग्नाच्या बोलणीला गेले होते. रघुनाथने पहार उचलून मला विचारलं, काच फोडू का? मी वर पितळी पाटीकडे पाहिलं. आबांच्या वडिलांच्या नावावर पहार चालवायची माझी छाती झाली नाही.

मग मला करायचं ते एकच उरलं होतं. मी नानांना सांगितलं, लांबून लक्ष ठेवा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका, आणि निघालो. वाचनालयापासून बसस्टँडपर्यंत सगळी वस्ती ओळखीची. भर दुपारी ग्रंथपाल पळत का सुटला, म्हणून लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. ज्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं, तो जिना मी धापा टाकत चढलो.

वर सतरंजीवर बायका बसल्या होत्या. एक तरुण बाई दुसरीला डॉक्टरांच्या त्या पुस्तकातलं सांगत होती. माझ्या निवडीचं, माझ्या कपाटात पाडव्याची वाट बघत बसलेलं ते पुस्तक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्याकडे कुणी सांगत असताना मध्ये बोलायचं नसे. ती बाई सांगत होती, "ऑपरेशन करता डॉक्टरले बी भ्याव वाटस. पन तो कोनले सांगस नई." ऐकणारी गंभीरपणे मान हलवत होती. तिकडे साप, इकडे हे, आणि मधे मी दारात चपला हातात धरून उभा. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला सापाची भीती कमी आणि त्या सतरंजीचा हेवा जास्त वाटत होता. असं कुणी कधी माझ्या टेबलासमोर बसून बोललं नव्हतं.

सांगणं संपल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या. मी एका दमात सगळं सांगितलं आणि सापांचं पुस्तक मागितलं. त्यांना हसू आलं नव्हतं, उलट काहीतरी नको ते बोलावं लागणार असा चेहरा झाला होता. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, ते तुमच्याच घरी आहे. शैलाने नेलंय."

सतरंजीवरच्या सगळ्या बायका एकदम खाली बघायला लागल्या. म्हणजे त्या सगळ्यांना माहीत होतं. मी पुन्हा जिना उतरलो. घर तिथून जवळच होतं, पण एवढ्याशा रस्त्यात मी काय काय विचार केला ते मलाच ठाऊक. ग्रंथपालाची बायको दुसऱ्या वाचनालयाची सभासद. आणि मी रोज संध्याकाळी तिच्याच पुढ्यात बसून अक्कांच्या नावाने खडे फोडत होतो.

शैला स्वयंपाकघरात होती. पुस्तक लपवलेलंसुद्धा नव्हतं. डब्यांच्या फळीवर, हळद-तिखटाच्या डब्याला टेकून उभं होतं. माझ्या नजरेसमोर रोज असणार, आणि मला दिसलं नव्हतं. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दोन वर्षं होत आली, तुम्ही कधी विचारलं नाही. मी म्हटलं, अगं पण आपलं वाचनालय असताना? त्यावर ती माहेरच्या बोलीवर आली. ती चिडली की नेहमी असंच होतं. "तुम्हना कपाटनी काचमाईन वाचता येस का?"

मी कपाटामागच्या सापाचं सांगितलं. साप म्हटल्यावर तिने मला पुस्तक दिलं नाही. पदर खोचला, पुस्तक बगलेत घेतलं आणि तीच पुढे निघाली. मी तिच्या मागून.

वाचनालयात नाना छत्री घेऊन पहारा करत होते. साप हलला नव्हता. शैलाने पुस्तक उघडलं ते नेमकं त्याच पानावर, कारण त्या पानाच्या कडेला हळदीचा एवढा मोठा अंगठा उमटलेला होता. स्वयंपाक करता करता वाचलेलं पान ते. तिने टेबल पुढे ओढायला लावलं, टेबलावर चढून लांबूनच नीट निरखलं, चित्र पाहिलं, पुन्हा निरखलं. मग वाचायच्या सुरात सगळ्यांना सांगितलं. मण्यार काळी असते, तिचे पट्टे मानेजवळ नसतातच, मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. हा तपकिरी आहे, याचे पट्टे मानेपासूनच आहेत आणि शेपटीकडे विरत गेलेत. हा कवड्या. मग पुस्तक मिटून म्हणाली, "तरी बी कोनी हात लावाना नई." पुस्तकात तसं बजावलेलं होतं म्हणे, की खात्री असली तरी अंतर सोडू नये. रघुनाथने तेलाचा रिकामा डबा आडवा धरला, नानांनी लांब झाडूच्या दांड्याने कवड्याला आत ढकललं, डब्याच्या तोंडावर फळी लावली आणि साप अंजनी नदीच्या काठी नेऊन सोडला.

सगळे शैलाभोवती जमले. पुस्तक हातोहात फिरलं. ज्यांनी महिनोन् महिने त्याची पाठ काचेतून पाहिली होती, त्यांनी ते आज पहिल्यांदा उघडून पाहिलं. आणि पहिल्या पानावर शिक्का होता तो अक्कांच्या वाचनालयाचा. माझी बायको, माझं वाचनालय, माझ्या निवडीचं पुस्तक, आणि शिक्का त्यांचा. मला तिचा अभिमान वाटला नाही असं नाही. पण हेवा अभिमानाच्या पुढे दोन पावलं होता.

दुसऱ्या दिवशी आबा धुळ्याहून आले ते थेट वाचनालयातच. एस.टी.तून उतरल्यापासून तीन जणांनी त्यांना हकीकत सांगितली होती. ते कपाटासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे नव्हतं का ते पुस्तक?" मी म्हटलं, होतं, आबा, पहिल्या फळीवर. त्यांनी काचेतून ते नाव वाचलं. "आणि त्या बाईंकडून आणावं लागलं?" हे म्हणताना त्यांचा चेहरा जसा झाला तो मी लगेच ओळखला. दोन वर्षं मी तोच चेहरा घेऊन फिरत होतो. मी जे सांगून मिळवू शकलो नाही, ते त्यांच्या मनातल्या त्या एका कळेने झालं. त्यांनी कोटातून किल्ली काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हार पाडव्याला घालू, पुस्तकं आत्ताच काढा. किल्ली परत मागायला ते कधीच आले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती, म्हणजे मला निदान जिंकल्यासारखं वाटलं असतं. पण कपाट उघडल्यावर सापांचं पुस्तक कुणीच नेईना. गावातल्या बायकांनी ते वाचलेलं, पुरुषांनी बायकांकडून ऐकलेलं. शैलाने अक्कांकडे पुस्तक परत करताना सतरंजीवर बसून पुस्तकातली नव्हे, आमच्या वाचनालयातलीच हकीकत सांगितली. तीच पुढे हातोहात गेली, पुस्तकाबरोबर. म्हणजे माझ्या कपाटामागचा सापसुद्धा अक्कांच्या वाचनालयाचा झाला. मी हट्टाने आमची कोरी प्रत घरी नेली आणि शैलासमोर ठेवली. ती म्हणाली, वाचलंय हो मी, दुसरं द्या. दुसरं दिलं. ती आमची सभासद झाली, पण अक्कांकडचं नाव तिने काढलं नाही, आणि मी काढ म्हणालो नाही.

अक्कांची ती सांगायची पद्धत मी आमच्याकडेही सुरू करून पाहिली. पुस्तक परत करणाऱ्या गृहस्थांना म्हणायचो, यातलं एखादं सांगा ना यांना. ते म्हणायचे, चांगलं आहे, वाचा. आणि चपला घालून चालू पडायचे. पुरुषांना वाचलेलं सांगायला का जड जातं कुणास ठाऊक. आठवड्याभरात मी नाद सोडला. इतर पुस्तकं मात्र हळूहळू फिरायला लागली, नाना पुन्हा माझ्याकडे यायला लागले. तरी त्या जिन्याखालून जाताना वरचा बोलण्याचा आवाज आला की माझी चाल आपोआप मंद व्हायची.

पुढे अक्का थकल्या. मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि सगळी पुस्तकं आमच्या वाचनालयाला देऊन टाकली. फळ्या रिकाम्या करताना त्या म्हणाल्या, "भाऊ, निवड नेहमी तुमचीच असायची. मी फक्त वाटली." मग म्हणाल्या की तुमच्या कपाटातली ती नीट, कव्हर घातलेली, ओळीने लावलेली पुस्तकं पाहून मला फार वाईट वाटायचं, माझ्याकडे एकही तसं राहिलं नाही. हे ऐकून मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. त्यांनाही माझा हेवा वाटत होता, हे कळायला मात्र उशीर झाला होता.

निवृत्त व्हायच्या आधी माझं शेवटचं मोठं काम होतं ते त्या पुस्तकांची छाननी. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती झाल्या की एक काढून टाकायची असते. जागा पुरत नाही. यासाठी नियम सोपा आहे. सुस्थितीतली प्रत ठेवायची, खराब झालेली काढायची. छाननी करता करता सापांचं पुस्तक आलं. दोन्ही प्रती मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आमची प्रत खाकी कव्हरात, कडक, पानं एकमेकांना चिकटलेली, कार्डावर जेमतेम दोन-चार नावं. अक्कांची प्रत पाठ निखळलेली, सुईदोऱ्याने शिवलेली, कोपरे दुमडलेले, कुठे तेलाचा डाग, कुठे पोराने ओढलेली पेन्सिल. मी ती हातात धरली तशी आपसूक उघडली ती कवड्याच्या पानावर. हळदीचा अंगठा तिथेच होता, थोडा फिकट झालेला. हळद माझ्या घरची होती.

मी काढून टाकायच्या गठ्ठ्यात आमची कोरी प्रत टाकली. रघुनाथ तेव्हा म्हातारा झाला होता, त्याला वाटलं माझी चूक झाली, त्याने ती उचलून परत माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, राहू दे, बरोबर आहे.

दुसऱ्या संस्थेकडून आलेल्या पुस्तकावर जुना शिक्का खोडून आपला मारायचा असतो. मी आमच्या गुप्त पानावर शिक्का मारला, शेवटच्या पानावर मारला, मग पहिलं पान उघडलं. अक्कांचा शिक्का जरा तिरका, घाईत मारलेला, पुस्तक परत आल्यावर मारलेला. तो मी खोडला नाही. शाईच्या पॅडवर आमचा शिक्का चांगला दाबला आणि त्याच पानावर मारला. फक्त त्यांच्या शिक्क्याच्या थोडा वर.